मालिकेचा प्रेक्षक आणि मालिकेचा आकडा : बोदवड परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

दूरचित्रवाणी मालिका हा आज मराठीतील सर्वाधिक घरांत पोहोचणारा कथनप्रकार आहे, आणि मराठी समीक्षेने सर्वांत कमी विचार केलेला कथनप्रकारही बहुधा तोच आहे. कादंबरीची पहिली आवृत्ती संपण्यास काही वर्षे लागतात. मालिकेचा एक भाग एका संध्याकाळी लाखो माणसे पाहतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलतात. या बोलण्याची दखल विद्यापीठीय समीक्षा सहसा घेत नाही. घेतलीच तर 'अभिरुचीचा ऱ्हास', 'बाजारू मनोरंजन', 'स्त्रीचे साचेबद्ध चित्रण' अशा तयार शीर्षकांखाली घेते. ही शीर्षके खोटी आहेत असे नाही. परंतु ती मालिकेविषयी बोलतात, प्रेक्षकाविषयी नव्हे. प्रेक्षकाला ती पुढ्यात येईल ते निमूटपणे स्वीकारणारा गृहीत धरतात. वगनाट्य जोमात असताना त्याकडे पाठ फिरवायची आणि फड मोडल्यावर त्यावर चर्चासत्रे भरवायची, ही मराठी विभागांची जुनी रीत येथेही पाळली जात आहे, असे म्हणावे लागते.

बोदवड हे जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याचे गाव. भुसावळ-बडनेरा लोहमार्गावरील स्थानक, कोरडवाहू कापसाचा मुलूख, बुलढाणा जिल्ह्याची सीमा जवळ. व्यावसायिक नाटकाचा प्रयोग ही अशा गावी नित्याची गोष्ट नव्हे. त्यामुळे अभिनय, संवाद आणि कथानक यांविषयी रोज बोलण्याचे निमित्त येथे प्रामुख्याने मालिकाच पुरवते. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीच्या डब्यात, वेचणीला निघालेल्या बायकांच्या घोळक्यात, हिवाळ्यात शेतावर होणाऱ्या भरिताच्या जेवणात आणि महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षातही काही प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. अमुक मालिका किती ताणली? तमुक नटी का बदलली? ही बंद होणार म्हणतात ते खरे काय? यंदा टीआरपीत पहिली कोण? ही चर्चा म्हणजे करमणुकीची उपकरमणूक नसून ती समीक्षाच आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मात्र ज्या आकड्याचा दाखला देऊन ही समीक्षा अलीकडे केली जाते, तो आकडा या समीक्षेला बहिरा आहे. बोदवडसारख्या गावातील प्रेक्षकाची खरी कोंडी येथे आहे.

'क्रमशः' या शब्दाची परंपरा

तुकड्यातुकड्यांनी कथा सांगणे आणि पुढच्या तुकड्यासाठी ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवणे ही दूरचित्रवाणीची निर्मिती नाही. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमूची कहाणी पहिल्या वाचकांनी ग्रंथरूपाने वाचली नाही. ती त्यांच्याकडे हप्त्याहप्त्याने आली. घरातल्या स्त्रीचे सोसणे, सासर-माहेर, आश्रित नात्यांचा जाच, आणि या सर्वांवर पुढच्या अंकापर्यंत टांगलेले लक्ष, ही सामग्री आजच्या मालिकेलाही अपरिचित नाही. फरक दर्जाचा आहेच. पण मराठी कादंबरीच्या मान्यवर परंपरेचा एक पाया हप्त्याच्या कथनात आहे, हे विसरून मालिकेच्या केवळ 'हप्तेपणा'ला नाक मुरडता येणार नाही.

दूरचित्रवाणीवर या नात्याचे पहिले मोठे प्रत्यंतर हिंदीत आले. १९८४-८५ मध्ये दूरदर्शनवरून प्रक्षेपित झालेल्या 'हम लोग' या मनोहर श्याम जोशी लिखित मालिकेला प्रेक्षकांची सुमारे ४ लाख पत्रे आली. भागाच्या शेवटी अशोककुमार पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी बोलत. पत्र लिहिणाऱ्याला आपले म्हणणे कोणीतरी वाचते आहे असे वाटण्यास तेथे जागा होती. मराठीत पुढे 'दामिनी'ने दूरदर्शनवर दैनंदिन मालिकेची सवय लावली आणि १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा टीव्ही मराठी ही वाहिनी सुरू झाल्यावर 'आभाळमाया'पासून खासगी वाहिन्यांवरील मराठी मालिकांचे पर्व सुरू झाले. २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली, २००८ मध्ये स्टार प्रवाह आली. अल्फाचे २००५ मध्ये झी मराठी झाले आणि ई टीव्ही मराठीचे २०१५ मध्ये कलर्स मराठी. नावे बदलली तरी या पर्वातील एक गोष्ट कायम राहिली : प्रेक्षकाच्या पत्राची जागा आकड्याने घेतली.

या बदलाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. पत्र चुकीचे असू शकते, भाबडे असू शकते, हट्टी असू शकते; परंतु त्यात कारण दिलेले असते. आकड्यात कारण नसते.

'पाणी घालणे' : प्रेक्षकांची परिभाषा

मालिकेविषयी बोलताना सामान्य प्रेक्षक जे शब्द वापरतो ते नीट ऐकण्यासारखे आहेत. 'ताणली', 'भरकटली', 'गुंडाळली', 'पाणी घातले' ही त्यांतील ठळक क्रियापदे. यांपैकी शेवटचे स्वयंपाकघरातून आलेले आहे. अचानक पाहुणे वाढले की वरणात पाणी घातले जाते. वरण पुरते, पण चव जाते. मालिकेच्या लांबणीबद्दल याहून नेमके विधान करणे अवघड आहे, कारण त्यात दोषाबरोबर दोषाचे कारणही सांगितलेले आहे. कथेची गरज म्हणून नव्हे, तर खाणारी तोंडे वाढली म्हणून पाणी पडले.

ही सारी क्रियापदे काळाविषयी आहेत, हे विशेष लक्षात घ्यावयास हवे. अभ्यासक्रमातील समीक्षा कथानक, पात्रचित्रण, वातावरण, भाषाशैली अशा घटकांनी कृतीकडे पाहते. या सर्व घटकांमागे कृती पूर्ण झाली आहे, तिला आदि-मध्य-अंत आहेत, असे गृहीत असते. जिचा अंत लेखकालाही ठाऊक नाही, जी सोमवार ते शनिवार चालते, जिला एखाद्या रविवारी 'महाएपिसोड' जोडला जातो आणि जी अचानक पंधरा दिवसांत आवरती घ्यावी लागते, त्या कथनासाठी या समीक्षेजवळ परिभाषा नाही. प्रेक्षकांजवळ ती आहे. कारण त्यांना रोज त्याच प्रश्नाशी झुंजावे लागते : आजच्या भागात काही घडले काय?

'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ या काळात ३ हजारांहून अधिक भाग चालली. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांच्या भूमिकांनी ती तोलून धरली हे खरे. पण बारा वर्षांच्या प्रेक्षणात घरातली मुलगी शाळा संपवून सासरी जाते, आणि मालिकेतील सासू मात्र तेथेच असते. या विसंगतीची थट्टा प्रेक्षकांनी भरपूर केली, आणि तरीही ते पाहत राहिले. 'होणार सून मी ह्या घरची' (२०१३-२०१६) या मालिकेतील जान्हवीचे लांबलेले गरोदरपण हा २०१५ मध्ये महाराष्ट्रभर विनोदाचा विषय झाला होता. भ्रमणध्वनीवरून त्या विनोदांची देवघेव खेड्यापाड्यांत झाली. या विनोदाकडे टवाळी म्हणून पाहणे सोपे आहे. वस्तुतः त्यात एक काटेकोर आक्षेप होता. स्त्रीच्या शरीराला स्वतःचा काळ असतो. नऊ महिन्यांचे गणित घरातील कोणत्याही बाईला तोंडपाठ असते. आणि कथेने त्या गणिताशी प्रतारणा केली होती. वास्तववादी कथनाच्या कालभानावर इतका व्यापक आणि इतका अचूक आक्षेप मराठी समीक्षेत क्वचितच घेतला गेला असेल.

याच संदर्भात मालिका 'पाहिली' जाते हे गृहीतकही तपासावे लागते. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत घरातील स्त्रीचे हात कणकेत किंवा भाकरीच्या पिठात असतात. संच बाहेरच्या खोलीत, ती आतल्या. ती मालिका बऱ्याच अंशी ऐकते. मालिकांतील एकच गोष्ट तीन पात्रांनी तीनदा सांगणे, धक्कादायक वाक्यानंतर तोच नाद पुन्हा पुन्हा वाजवणे, प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा फिरवीत वेळ काढणे या लकबींना शहरी टीकाकार हसतात. त्यांत आळस आणि पैशाची बचत आहेच. परंतु कानाने मालिका पाहणाऱ्या स्त्रीला त्या द्विरुक्तीमुळेच कथेचा धागा सापडतो, हेही नाकारता येत नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन तासन्‌तास चाले. ऐन प्रसंगी वीज जाणार, आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणात किंवा शेजारणीच्या तोंडून कळणार, हा त्या काळातील खानदेशी घरांचा अनुभव होता. शेजारणीने सांगितलेला भाग हा मूळ भागापेक्षा पुष्कळदा आटोपशीर असे. तिच्या सांगण्यात पाणी नसे.

नट, पात्र आणि बदली

नट बदलण्याचा प्रश्न हा प्रेक्षकांच्या चर्चेत सर्वाधिक तीव्रतेने निघतो. नाटकात एकाच भूमिकेत वेगवेगळे नट पाहण्याची मराठी प्रेक्षकाला सवय आहे. तेथे तो तुलना करतो, पण फसवला गेल्याची भावना त्याला होत नाही. मालिकेत तसे होत नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको' (२०१६-२०२१) मध्ये शनायाची भूमिका आधी रसिका सुनील यांनी केली, २०१८ मध्ये ती ईशा केसकर यांच्याकडे आली आणि २०२० मध्ये रसिका सुनील पुन्हा परतल्या. 'आई कुठे काय करते' मधील संजना ही भूमिका २०२० मध्ये दीपाली पानसरे यांच्याकडून रूपाली भोसले यांच्याकडे गेली. दोन्ही वेळा प्रेक्षकांत तट पडले. यातील दुसरे उदाहरण विशेष आहे, कारण कालांतराने बहुसंख्य प्रेक्षकांच्या मनात दुसरी संजनाच 'खरी' ठरली. म्हणजे प्रेक्षकाची निष्ठा पहिल्या चेहऱ्याशी आंधळेपणाने बांधलेली नसते. नव्या नटाने पात्राचा स्वभाव पकडला की तो त्याला मान्यता देतो. न पकडल्यास वर्षभरानंतरही 'ती पहिली बरी होती' हे वाक्य सुटत नाही. अभिनयाच्या मूल्यमापनाची ही कसोटी पुस्तकी नाही, पण ती कसोटी आहे.

नट आणि पात्र यांची सरमिसळ होते हा आक्षेप खरा आहे. खलनायिका साकारणाऱ्या अभिनेत्रीला बाजारात बोल ऐकावे लागतात, असे अभिनेत्रींनी मुलाखतींतून अनेकदा सांगितले आहे. याचे दुसरे टोक सार्वजनिक जीवनात दिसते. 'राजा शिवछत्रपती' आणि नंतर 'स्वराज्यरक्षक संभाजी' (२०१७-२०२०) या मालिकांत प्रमुख भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे २०१९ मध्ये शिरूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले, तेव्हा दुसरी मालिका अद्याप चालू होती. त्यांच्या विजयाची राजकीय कारणे वेगळी मांडता येतील. तथापि दररोज रात्री घरात येणाऱ्या चेहऱ्याला नाटकातल्या किंवा चित्रपटातल्या चेहऱ्यापेक्षा निराळे बळ लाभते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

या सरमिसळीची एक बाजू मात्र अधिक गंभीर आहे. 'आई कुठे काय करते' ही 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवर आधारित मालिका २३ डिसेंबर २०१९ रोजी स्टार प्रवाहवर सुरू झाली. नवऱ्याच्या विवाहबाह्य संबंधानंतर पंचवीस वर्षांच्या संसारातून बाहेर पडणारी अरुंधती मधुराणी गोखले प्रभुलकर यांनी उभी केली. पुढे तिचा आशुतोषशी पुनर्विवाह झाला, तेव्हा घरोघर जो वाद झाला तो अभिनयाविषयी नव्हता. मोठी मुले असलेल्या बाईने पुन्हा लग्न करावे काय, हा तो वाद होता. ज्या घरांत हा प्रश्न स्वतःच्या नात्यातील कोणाबद्दल उच्चारता आला नसता, तेथे तो अरुंधतीच्या नावाने उच्चारला गेला. सासू, सून, नणंद आणि दारात टेकलेली शेजारीण यांनी परस्परविरोधी मते मांडली, आणि ती मांडताना कोणाचाही अवमान झाला नाही, कारण विषय 'मालिकेतला' होता. पुढे आशुतोषच्या मृत्यूचे वळण आले. पुनर्विवाह दाखवण्याचे धाडस आणि तो दुसरा नवराच कथेतून काढून टाकण्याची सोय, या दोन्ही गोष्टी एकाच मालिकेने केल्या. हे कथेच्या तर्काने झाले की आकड्याच्या, अशी शंका प्रेक्षकांनी घेतली. त्या शंकेचे उत्तर प्रेक्षकाला कधी मिळत नाही.

आकड्याचे राज्य

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार केला आहे. मानुषी सिद्धीची लक्षणे सांगताना प्रेक्षकांचे स्मित, हास्य, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' हे उद्गार, अंगावर उभे राहणारे रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे देणे अशी नोंद तेथे येते. प्रयोग साधला की नाही हे प्रेक्षकाच्या प्रतिसादाच्या प्रकारावरून ठरते. त्याखेरीज प्रयोगाचे गुणदोष पाहणाऱ्या प्राश्निकांची योजना आहे. आधुनिक मोजमापात या साऱ्याच्या जागी एकच गोष्ट उरली आहे : संच चालू असताना समोर कोण होते.

ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, म्हणजे बार्क, या संस्थेने २०१५ पासून हे मोजमाप हाती घेतले. निवडलेल्या घरांत संचाजवळ मापक बसवलेला असतो. वाहिनीच्या ध्वनीत मिसळलेल्या, कानाला न कळणाऱ्या खुणेवरून तो वाहिनी ओळखतो. आणि घरातील प्रत्येकाने संचासमोर बसताना आपापले बटण दाबावयाचे असते. २०२० मध्ये देशात दूरचित्रवाणी संच असलेली सुमारे २१ कोटी घरे होती आणि मापक असलेली घरे सुमारे ४४ हजार. म्हणजे सरासरीने ४ हजार ७०० हून अधिक घरांमागे एक घर. संख्याशास्त्राच्या दृष्टीने नमुना लहान असणे हा दोष नव्हे. नमुना नीट निवडलेला असला की पुरे. दोष अन्यत्र आहे. भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या स्त्रीने बटण दाबले तर ती प्रेक्षक, न दाबले तर नाही. ती मालिकेला शिव्या देत पाहत असेल तरी तिची नोंद तीच, आणि डोळ्यांत पाणी आणून पाहत असेल तरी तीच.

खानदेशाच्या दृष्टीने या मोजमापाचा इतिहास अधिक बोलका आहे. बार्कपूर्वी टॅम मीडिया रिसर्चचे मोजमाप मुख्यतः १ लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांपुरते होते. ही अट खानदेशाला लावली तर जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार अशी मोजकी नावे उरतात. अमळनेर आणि चाळीसगाव ही गावे २०११ च्या जनगणनेतही १ लाखाच्या आत राहिली. बोदवडचा प्रश्नच उद्भवत नाही. 'आभाळमाया', 'वादळवाट', 'चार दिवस सासूचे' या मालिका बोदवड परिसरात पाहिल्या गेल्या, त्यांवर वाद झाले, पण त्यांचे आयुष्य ठरवताना येथील एकही घर हिशेबात धरले जाण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. ऑक्टोबर २०१५ मध्ये बार्कने ग्रामीण भागाचे आकडे प्रथम जाहीर केले.

त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत काय घडले ते पाहावे. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' मालवणी मुलखात गेली, 'माझ्या नवऱ्याची बायको'ने नागपूरकडची वऱ्हाडी बोलणारी नायिका आणली, 'तुझ्यात जीव रंगला'ने कोल्हापूरचा तांबडा मातीचा आखाडा दाखवला; २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे गेली. यापूर्वी मालिकांचे विश्व बहुतांशी मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात होते. २०१४ च्या 'जय मल्हार' सारखे अपवाद होते, पण ते पौराणिक कथेचे. मराठी मालिकेला खेड्याचा एकाएकी कळवळा आला, असे मानण्याचे कारण नाही. खेडे मोजले जाऊ लागले, म्हणून ते दिसू लागले. कारणांत इतरही काही असेल. 'सैराट'चे यश त्याच वर्षीचे आहे. परंतु क्रम मात्र सूचक आहे.

मग प्रश्न असा की, मोजल्या गेलेल्या ग्रामीण महाराष्ट्रात खानदेश कोठे आहे? बार्कच्या साप्ताहिक यादीत मराठी मालिकांसाठी 'महाराष्ट्र-गोवा, शहरी आणि ग्रामीण' असा एकच बाजार दाखवला जातो आणि २ वर्षांवरील सर्व व्यक्ती त्यात धरल्या जातात. सावंतवाडी, सोलापूर, पणजी, बोदवड हे सारे त्या एका संख्येत विरघळते. मालवणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी, सातारी बोलींना त्या तोडीच्या गाजलेल्या मालिका मिळाल्या. अहिराणी, तावडी किंवा लेवा गणबोलीच्या वाट्याला तसे यश आलेले नाही. ही बोली दुबळी नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी तिच्यातच काव्य रचले, आणि २०१८ पासून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अहिराणी गीतांना यूट्यूबवर मोठा श्रोतृवर्ग लाभला आहे. शेजारच्या मालेगावात तर हौशी मंडळींनी 'शोले'ची स्थानिक आवृत्ती काढून स्वतःचा चित्रपटच उभा केला. प्रेक्षक आहे, बोली आहे, हौस आहे. नाही ती यादीतली वेगळी ओळ.

बोदवडच्या प्रेक्षकाला या बाबतीत एक अनपेक्षित लाभही झाला, तो नोंदवला पाहिजे. मलकापूरकडील वऱ्हाडीशी त्याचा बाजारहाटाचा आणि सोयरिकीचा संबंध असल्याने राधिकाची बोली कोठे खरी आणि कोठे घडवलेली, हे तो अधिकाराने सांगू शकतो. पुण्याच्या टीकाकाराला ती बोली सरसकट 'गोड' वाटली. बोदवडकडच्या कानाला तिच्यातील ठिगळे कळली, आणि तरीही एका नायिकेने प्रमाण भाषेची क्षमा न मागता आपल्या बोलीत नवऱ्याला जाब विचारला, याचे अप्रूप वाटले. टीका आणि आस्वाद एकाच दमात करणे म्हणजे काय, याचे हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे.

परंतु याच प्रेक्षकाच्या बोलण्यात अलीकडे एक चिंताजनक बदल दिसतो. पूर्वी तो 'मला पटली नाही' असे म्हणे. आता तो 'टीआरपी पडला' असे म्हणतो. स्वतःच्या नावडीला आकड्याचा आधार सापडल्यावाचून ती उच्चारण्याजोगी त्याला वाटत नाही. दर आठवड्याला प्रसिद्ध होणाऱ्या क्रमवाऱ्या वर्तमानपत्रांच्या मनोरंजन पुरवण्यांतून आणि भ्रमणध्वनीवरून त्याच्यापर्यंत पोहोचतात. झी मराठीची आघाडी जाऊन २०२० नंतर स्टार प्रवाह पुढे गेली, हे त्याला निवडणुकीच्या निकालासारखे पाठ असते. एखादी मालिका पहिली आहे म्हणून ती चांगली, आणि यादीत नाही म्हणून ती बंद होण्यास पात्र, असे अनुमान तो विनासायास करतो. म्हणजे ज्या वाटपात त्याचा हिस्सा नगण्य आहे, त्याच वाटपाचा तो कैवारी होतो. आकड्यांची विश्वासार्हता निर्विवाद आहे असेही नाही. काही घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवावयास लावल्याच्या आरोपावरून ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी तपास सुरू केला, आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणे मार्च २०२२ पर्यंत थांबवण्यात आले. ते प्रकरण मुख्यतः वृत्तवाहिन्यांमुळे गाजले, मालिकांमुळे नव्हे. पण पन्नास हजारांच्या आतल्या घरांवर किती काय अवलंबून असते, ते त्यातून उघड झाले.

समीक्षेचे काम येथे सुरू होते. 'पाणी घातले', 'ती पहिली बरी होती', 'बाईने लग्न केले त्यात काय चुकले' ही विधाने कारणांसह नोंदवून घेणे, त्यांतील कसोट्या वेगळ्या काढणे आणि त्या कसोट्यांवर मालिका तपासणे हे मराठी, समाजशास्त्र आणि गृहविज्ञान या विभागांना एकत्र करता येण्याजोगे काम आहे. डच अभ्यासक इएन आंग यांनी 'डॅलस' या अमेरिकन मालिकेच्या प्रेक्षकांविषयीचा आपला १९८० च्या दशकातील गाजलेला अभ्यास अवघ्या ४२ पत्रांवर उभा केला होता. एका तालुक्याच्या महाविद्यालयातील पहिल्या वर्षाच्या वर्गात त्याहून अधिक विद्यार्थी असतात, आणि त्या प्रत्येकाच्या घरात मालिका पाहणारी एक तरी आई असते.

'आई कुठे काय करते' ही मालिका तिच्या भराच्या काळात संध्याकाळी साडेसातला लागत असे. मार्च २०२४ मध्ये तिची वेळ दुपारी अडीचची करण्यात आली आणि संध्याकाळची वेळ नव्या मालिकेला देण्यात आली. वाहिनीच्या दृष्टीने हा व्यवहार समजण्याजोगा आहे : जुन्या मालिकेचा निष्ठावंत प्रेक्षक दुपारीही येईल, आणि मोक्याची वेळ मोकळी होईल. दुपारी अडीचला घरी असणारी गृहिणी त्या निर्णयात गृहीत धरलेली होती. शहरात ती असतेही. बोदवड तालुक्यात जून उजाडला की पेरणी, मग निंदणी, आणि दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी. अरुंधतीच्या वयाच्या बायका दुपारी अडीचला शेतात असतात. मालिकेचा शेवटचा भाग ३० नोव्हेंबर २०२४ रोजी झाला. तो दिवस वेचणीच्या हंगामातला शनिवार होता. ज्यांनी पाच वर्षे तिच्या संसारावर मते दिली, त्यांतल्या अनेकींनी तो निरोप रात्री मुलाच्या भ्रमणध्वनीवर पाहिला, किंवा कोणाकडून तरी ऐकला.